नायट्रिक ऑक्साइड रोखणारी औषधं हृदयविकारावर देतात का?

तुम्ही विचारलंय की नायट्रिक ऑक्साइड इनहिबिटरचा (म्हणजे शरीरात हा वायू बनणं रोखणाऱ्या औषधाचा) हृदयरोगात काय उपयोग आणि डॉक्टर ते लिहून देतात का. नाही, हृदयरोगावर असं औषध आज कुणी देत नाही. मी औषधशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांचाही इथेच घोळ होतो, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सतत बनवत असतात. तो शेजारच्या स्नायूत शिरला की स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही एकमेकांना चिकटत नाहीत. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवलेली गोष्ट मला आजही थक्क करते. अस्तर शाबूत असेल तर असिटिलकोलीन हे रसायन टाकल्यावर तुकडा सैल पडायचा. तेच अस्तर हलकेच घासून काढलं, की सैलावणं बंद! अस्तरातून सुटणारा हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल त्यावरच मिळालं.

आता हे उत्पादनच रोखलं तर? एल-नेम नावाचं इनहिबिटर उंदरांना काही आठवडे दिलं की त्यांचा रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून उच्च रक्तदाबाच्या संशोधनात ते आजही वापरतात. आपल्या शरीरातही एडीएमए नावाचं नैसर्गिक इनहिबिटर तयार होतं. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात ते साठतं, आणि त्याची पातळी जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग हाच.

औषध म्हणून प्रयत्न झाले ते शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब इतका कोसळतो की अवयवांना रक्त पुरत नाही अशा अवस्थेत. तिथे दाहामुळे हा वायू बेसुमार तयार होतो आणि रक्तदाब कोसळतो, तेव्हा तो रोखावा हा विचार चुकीचा नव्हता. पण हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्ये टिलार्जिनिन हे इनहिबिटर देऊन पाहिलेली मोठी चाचणी ३९८ रुग्णांनंतर थांबवावी लागली. २००७ मध्ये निष्कर्ष आले: ३० दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत ४८ टक्के, न घेणाऱ्यांत ४२. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही एवढं नक्की. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये तर त्याच रेणूने मृत्यू वाढवले.

एक कळकळीची सूचना. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीनची गोळी इनहिबिटर नव्हे. ती नायट्रिक ऑक्साइड पुरवते. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) त्याच वायूचा परिणाम लांबवतं, म्हणून ही दोन्ही एकत्र घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो. घरात कुणी यातलं काही घेत असेल तर डॉक्टरांना दोन्हींबद्दल सांगा, संकोच करू नका.