पृथ्वीच्या प्रावरणात नेमकी कोणती खनिजं असतात? तिथे लाव्हाच भरलेला असतो ना?

लाव्हाचं आधी सांगतो, कारण लाल-पिवळ्या चित्रांमुळे हा गैरसमज लहानपणीच डोक्यात बसतो. प्रावरण घन आहे. भूकवचाखालून थेट 2890 किलोमीटर खोलीपर्यंत खडकच खडक. तो अतिशय सावकाश सरकतो हे खरं, पण भूकंपाच्या एस-लहरी त्यातून आरपार जातात, आणि द्रवातून त्या जाऊच शकत नाहीत.

आता खनिजं. मी नागपुरात भूशास्त्र शिकलो. एका प्रॅक्टिकलला सरांनी कच्छमधला एक दगड हातात दिला होता. बाहेरून आपल्या गिट्टीसारखाच काळा बेसॉल्ट, पण मधोमध लिंबाएवढा हिरवा गोळा. भिंगातून पाहिलं तर बाटलीच्या काचेसारखे हिरवट दाणे, त्यांत अधूनमधून तपकिरी आणि गर्द हिरवे ठिपके. ज्वालामुखीच्या रसाने वर येताना प्रावरणाचा एक तुकडाच तोडून आणला होता! त्या खडकाला पेरिडोटाइट म्हणतात. हिरवट दाणे ऑलिव्हिनचे. वरच्या प्रावरणात निम्म्याहून जास्त तेच असतं. ठिपके म्हणजे दोन प्रकारची पायरोक्सिनं. याहून खोल गेलं की थोडं गार्नेटही लागतं.

मग नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचा बेसॉल्ट असा हिरवा का नाही? तप्त प्रावरण वर सरकलं की दाब कमी होतो आणि त्याचा थोडासाच भाग वितळतो. या रसात मॅग्नेशियम कमी, सिलिका, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम जास्त. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तोच रस दख्खनवर थरावर थर पसरला. म्हणून आपला बेसॉल्ट म्हणजे प्रावरण नव्हे, प्रावरणातून निथळलेला रस आहे. (नागपूर या थरांच्या पूर्व कडेवर वसलंय. भंडाऱ्याकडे निघालं की काळा दगड संपतो आणि फार जुने खडक लागतात.)

अजून खाली द्रव्य जवळपास तेच राहतं, दाबाने रचना तेवढी बदलते. 410 किलोमीटरवर ऑलिव्हिनचं वॅडस्लीआइट होतं, 520 च्या आसपास रिंगवूडाइट आणि 660 ला तेही मोडून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज. खालच्या प्रावरणात सर्वांत जास्त ब्रिजमनाइटच आहे, म्हणजे अख्ख्या पृथ्वीवरचं सर्वांत मुबलक खनिज तेच. तरी त्याचा नैसर्गिक नमुना मिळाला तो ऑस्ट्रेलियात 1879 साली पडलेल्या उल्केत, आणि 2014 मध्ये त्याला नाव मिळालं.

त्याच वर्षी ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइटचा डोळ्यांना न दिसणारा कण सापडल्याचं जाहीर झालं. त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी होतं. थेंबांच्या रूपात नाही, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं. मला आजही या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच कण.