देवाशी भांड, पण निपाणीच्या मराठीत

पत्र : माहेर निपाणीचं, सासर गोकाकचं. सात महिने झाले, यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला नेते. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. इथलं चर्च कानडी, त्यामुळे हल्ली घरीही मी कानडीतच प्रार्थना करते, सवय झालीय. पण आत काहीच हलत नाही. देव ऐकतो ना हो ताई?
— एक बहीण, गोकाक

अगं, त्या बायकांचं सोड. चार तास त्या मशीनशेजारी बसून येऊ देत, मग मोजू त्यांचा विश्वास.

मी अडखळले ते तुझ्या 'सवय झालीय'पाशी. घरीही कानडीत? कानडीशी माझं भांडण नाही, शेजारणीशी मी रोज तीच बोलते (सीमाभागात हे आधी सांगून टाकलेलं बरं). मला एवढंच सांग, यजमानांना पाणी मोजून द्यायचं असतं ना? त्यांनी तुझी पाठ वळताच तांब्या तोंडाला लावला, तर तू त्यांना कुठल्या भाषेत झापतेस? चांगलं निपाणीच्या मराठीत, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात. आणि रात्री देवापुढे बसलीस की 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये' (हे आमच्या स्वर्गातल्या पित्या), एकही चूक न करता. नवऱ्याशी घरचं बोलतेस आणि देवाशी सोयऱ्यासारखं, पदर सावरून. मग आत हलणार काय?

बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान काढ, १५वा अध्याय, ३४वं वचन. सगळं पुस्तक ग्रीकमध्ये लिहिलंय, पण वधस्तंभावरची ती हाक लिहिणाऱ्यानं येशूच्या घरच्या अरामी बोलीत तशीच ठेवली, अर्थ मागून दिला : 'एलोई, एलोई, लमा सबखथनी?' माझ्या देवा, तू मला का सोडलंस? जीव जाताना माणूस बोलतो ती भाषा. आणि शब्द कुठले, तर बायबलमधल्याच जुन्या २२व्या स्तोत्राचे, म्हणजे लहानपणापासून कानावर असलेले. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची छाती आहे का तुझ्या मंडळीतल्या कुणाची?

दावीद राजाचं १३वं स्तोत्रही बघ. सहा वचनांचं आहे, पहिल्या दोनांतच तो देवाला चारदा विचारतो, कोठवर? सावकाराच्या दारात बसलेल्या माणसासारखा. शेवटी गातो, हेही खरं. पण आधी भांडून घेतो. तू भांडण गाळून थेट गायला बघतेस, तेही पाठ केलेलं.

देव ऐकतो का, हे मी इथून सांगायची गोष्ट नाही. तू अजून त्याला काही सांगितलंच नाहीस.

आज रात्री यजमान झोपले की स्वयंपाकघरात जा. गुडघे टेकू नकोस, डोळे मिटू नकोस. भांडी घासत घासत बोल, मोठ्यानं. पहाटेची बस, तिकिटाचे पैसे, त्यांच्या हाताला पडलेले सुयांचे काळे डाग, त्या बायका, सगळं काढ. 'तू' म्हण, 'आपण' नको. रडू आलं तर येऊ दे, शिव्या आल्या तर त्याही.

सासूबाई उठल्या आणि कुणाशी बोलतेस म्हणून विचारलं, तर सांग, माहेरचं माणूस आलंय.