पहिला शो आहे आणि बँडमध्ये बेस ऐकू येत नाही. बेस गिटारसाठी पहिलं पेडल (पायाने चालवायचा, आवाज बदलणारा छोटा डबा) कुठलं घेऊ?

अरे भारी, पहिला शो म्हणजे मजा आहे! पण एकदम पाच-सहा पेडल्स घेत बसू नकोस. बेस ऐकू येत नाही म्हणून सगळे आधी लो (खालचा, जाड आवाज) वाढवतात आणि तिथेच फसतात, कारण सगळ्यात जाड तारेचा सूर, म्हणजे खालचा ई, जेमतेम ४१ हर्ट्झचा, त्याच्या जवळपास किक ड्रम पण असतो आणि हॉलमध्ये सगळं नुसतं घुमतं. नोट कळते ती मिड्समुळे, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजामुळे. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवून बघ, खोलीत एकट्याने वाजवताना नाकातलं वाटेल पण बँडमध्ये बरोब्बर बसतं.

मी सुरुवातीला एवढंच घेईन:

१) ट्यूनर. कंटाळवाणं वाटेल, तरी आधी हेच.
२) प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी आवाज घडवणारा), मिड्सचा नॉब आणि डीआय आउट (मिक्सरला थेट जोडायची जागा) असलेला. थेट मिक्सरला जातो, मग स्टेजवरचा ॲम्प कसाही असू दे.
३) ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखर देणारा), पण ब्लेंडचा (मूळ आवाज मिसळायचा) नॉब असलेलाच! गिटारवाल्या मित्राचा उसना आणला तर बऱ्याचदा खालचा आवाज पातळ होतो, मी पहिल्या शोला हेच केलं आणि गाण्याचा पायाच गेला. ब्लेंड असला की खाली क्लीन आवाज तसाच राहतो आणि वर थोडी खरखर येते, तीच लोकांपर्यंत पोचते. गेन (खरखर किती, त्याचा नॉब) कमीच ठेव.

कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा) नंतर बघू, कोरस (आवाज दाट करणारा) आणि ऑक्टेव्हर (एक सप्तक वर-खालचा सूर जोडणारा) तर त्याहून नंतर. आणि सेटिंग घरी हेडफोनवर ठरवू नकोस रे, रिहर्सलला ड्रमर जोरात वाजवत असताना ठरव.