ए ऑपरेटरऽऽ!

(वाचकांच्या सिनेमाविषयक प्रश्नांना उत्तरं देतायत सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या टॉकीजचे ऑपरेटरकाका. १९७४ साली रिळं गुंडाळणारा पोऱ्या म्हणून ते केबिनमध्ये चढले, ते २०११ साली मशीन भंगारात गेलं तेव्हाच खाली उतरले.)

काका, जुने पिक्चर टीव्हीवर लागले की मधूनच वर उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो. आमचे हे म्हणतात, टीव्ही बिघडला. मेकॅनिकला बोलवू का? (एक गृहिणी, कराड)

पैसे वाचवा ताई. तो ठिपका टीव्हीचा नाही, माझा आहे. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. आम्ही दोन जोडून चढवायचो, म्हणजे वीस-बावीस मिनिटांची निश्चिंती. पण तीन तासांचा पिक्चर असा एका मशीनवर कसा मावणार? म्हणून केबिनमध्ये दोन मशीनं शेजारी शेजारी, बैलजोडीसारखी. चालू रीळ संपत आलं की पहिला ठिपका येतो, म्हणजे दुसऱ्या मशीनची मोटर सुरू कर. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. जमलं तर हॉलमधल्या एका माणसाला पत्ता लागत नाही. नाही जमलं तर पांढराफटक पडदा, आणि सगळी टॉकीज मिळून माझ्या आईची चौकशी करते.

या ठिपक्यांपायी मी जन्मात एक क्लायमॅक्स धड बघितलेला नाही. हिरॉईन धाय मोकलून रडायची आणि मी कोपरा बघत बसायचो. लग्न झाल्यावर आमच्या सौ.नं हौसेनं विचारलं, "त्या गाण्यात तिची साडी कुठल्या रंगाची होती हो?" मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत आली नव्हती.

त्यात कार्बनचा व्याप. झिनॉनचे दिवे यायच्या आधी पडद्यावरचा सगळा उजेड कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमधून निघायचा. कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं, उजेड मंदावतो. म्हणून सारखं चाक फिरवून त्या जवळ आणायच्या. मला डुलकी लागली की गोरापान हिरो हळूहळू सावळा व्हायचा आणि खालून आरोळी यायची, "ए ऑपरेटरऽऽ, कार्बन सरकव!" शाळेत विज्ञानात तीनदा गचकलेली पोरं ती. पण एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

कधी रिळं उलटीसुलटी लागली का? खरं सांगा. (कॉलेजकुमार, विटा)

एकदा. (केबिनमध्ये म्हणजे एकदाच. घरी विचारू नका.) तेव्हा दोन गावांत मिळून एकच प्रिंट असायची. तिकडे रीळ संपलं की पोरगा सायकलवर डबे घालून इकडे पळायचा. त्या दिवशी सायकल पंक्चर. डबा पोचला तेव्हा मी घाईघाईत आठव्याच्या जागी नववं चढवलं. नवव्यात थोरला भाऊ गोळी लागून मेला, चितेला अग्नीसुद्धा दिला. मग आठवं लागलं, तर हा गडी घोड्यावर बसून गाणं म्हणत हजर! मी केबिनची कडी आतून लावून घेतली. आणि खाली काय झालं असेल? शिट्ट्या! सुटल्यावर जिन्याखाली एक जण दुसऱ्याला सांगत होता, "डबल रोल जबरी केलाय गड्या." तो पिक्चर आमच्याकडे तीन आठवडे चालला. शेजारच्या गावात सरळ क्रमानं लावलेला, चार दिवसांत उतरला.

भारतीय सिनेमाची पहिली हिरॉईन कोण? शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी हवं आहे. (इयत्ता सातवी, फलटण)

बाळा, तिला मिशी होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा सिनेमात काम करायला कुणी बाईच तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. पगार दहा रुपये होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि अण्णांची तारामती झाली. पुढं १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही अण्णाच. सीतेचे दंड रामाच्या दंडांना भारी होते म्हणतात, पण ते रामाचेच होते. एवढं बाईंना सांग. मार्क नाही मिळाले तर माझं नाव सांगू नकोस.

इंग्रजी पिक्चरचा इंटरव्हल भलत्याच ठिकाणी का होतो? (एक वाचक, बार्शी)

आपल्याकडं इंटरव्हल कथेतच लिहिलेला असतो. हिरो कड्याला लोंबकळतो, संगीत धाडकन वाजतं, तुम्ही समोसा खायला जाता, परत येता तरी तो तिथंच. राज कपूर यांनी 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) मध्ये तर दोन-दोन इंटरव्हल ठेवले. 'जोकर' आमच्याकडं रिपीटला लागला तेव्हा भजीवाला रोज पडद्याला हात जोडायचा.

इंग्रजी पिक्चरवाल्यांना भजीवाला ठाऊकच नाही. ते सलग काढतात, मग तोडायचं काम आमच्यावर. मी तोडलेत ना! अर्धी रिळं झाली की लाईट, हिरॉईनचं तोंड बोलायला उघडलेलं असलं तरी. खाली कढईत तेल तापलेलं असायचं, ते कुणाच्या चुंबनासाठी थांबत नाही.

'जय संतोषी माँ' बघायला लोक चपला बाहेर काढून यायचे, हे खरं का? (नातसून, वाई)

खरं. १९७५ चा पिक्चर. आमच्याकडं पेटी उशिरा आली, तरी बायका आरतीचं ताट घेऊनच आल्या. पडद्यावर फुलं, नाणी. नाणी डोअरकीपर गोळा करायचा. कुठल्या देवस्थानाला दिली, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. खेळ सुटल्यावर बदललेल्या चपलांवरून जी भांडणं व्हायची, तेवढी मारामारी त्याच सालच्या 'शोले'त नाही.

आता मल्टिप्लेक्सला जाता का? (एक वाचक, सांगली)

नातू घेऊन गेला होता पुण्याला. खुर्ची अशी मऊ, की मला कार्बनची आठवण होऊन दचकायला झालं. मध्येच पिक्चर थांबला, पडदा काळा. मी वाट बघतोय, आता आरोळी येईल, मग येईल. कुठलं काय! सगळ्यांनी मुकाट मोबाईल काढले. मला राहवेना. उभा राहिलो, मागे वळलो आणि पोटातून ओरडलो, "ए ऑपरेटरऽऽ!"

बॅटरी घेऊन एक पोरगा धावत आला. म्हणाला, "आजोबा, वर कुणी नसतं."