गोव्यातलं आमचं छोटं थेरपी केंद्र ऑनलाइन पेमेंट आणि क्लेमसाठी कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय, डिचोलीत विशेष मुलांचं केंद्र चालवता, फी रोख घेता, पावत्या हाताने फाडता, आणि आता विम्याचे क्लेम, अनुदान, सगळंच ऑनलाइन होतंय तर सुरुवात कुठून करू. मी फोंड्याजवळच्या अशाच एका केंद्राचा हिशेब अकरा वर्षं बघतेय. माझं म्हणणं ऐका, सॉफ्टवेअर आत्ताच विकत घेऊ नका. पहिले दोन महिने प्रत्येक मुलाचं नाव आणि बँक खातं नीट करण्यात घाला.

गोव्यात हे काम वाटतं त्याहून मोठं आहे. आपल्याकडे वडिलांच्या, आजोबांच्या दाखल्यांवरून पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग पुढे उतरत आलंय. शिरोडकर हे आडनाव दाखल्यावर एक्सने सुरू होतं आणि आधारवर एसने. तुम्हा-आम्हाला तो एकच मुलगा दिसतो, पोर्टलला दोन दिसतात. आमचे क्लेम परत आले त्यातले कितीतरी निव्वळ एवढ्यावरून. म्हणून जन्मदाखला, आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), पासबुक आणि निरामय या दिव्यांगांच्या आरोग्य विम्याचं कार्ड अशी पाचही कागदं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव एकेका अक्षराने ताडून बघा. दिव्यांगत्वाचा दाखला 1 जून 2021 पासून यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतो, त्यामुळे त्याआधीचे कागदी दाखले कोणाकोणाकडे उरलेत ते वेगळं लिहून काढा. पासबुकावरचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोडही तपासा. सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन बँक 2020 साली दुसऱ्या बँकांत गेल्या, पण आमच्या फाइलींत जुने कोड बरीच वर्षं तसेच पडून होते.

आधारचं तर मुलांच्या बाबतीत फार जपून करावं लागतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक नव्याने द्यावं लागतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या आमच्या एका मुलाची मूठ घट्ट मिटलेली असायची. आधार केंद्रात मागे रांग लागलेली, मशीनवाला घाई करतोय, आणि आई एकेक बोट उलगडतेय. जेवढी ओढाताण, तेवढी मूठ आणखी आवळायची. मुलगा रडायला लागला आणि ती दोघं तशीच घरी परतली. दुसऱ्या खेपेला आमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट सोबत गेली. बाकावर बसवून कोमट पाण्याच्या फडक्याने तिने दहा मिनिटं त्याचा हात शेकला, मनगट हलकेच खाली वाकवलं, तशी बोटं आपोआप सैल झाली. ठसे येतच नसतील तर बुबुळांवरून नोंदणी होते, आणि दोन्ही शक्य नसतील त्यांच्यासाठी अपवादाची सोय आहे. हे पालकांना आधीच सांगून ठेवा. कोणत्याही आईला तिथून मान खाली घालून परतावं लागू नये, असं मला फार वाटतं.

अठरा पूर्ण होत आलेल्या मुलांची यादी वेगळी ठेवा. अठराव्या वर्षानंतर आईवडील आपसूक कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि बँक तिथेच अडवते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या 1999 च्या कायद्यात पालकत्वाच्या दाखल्याची तरतूद आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा. पण ज्याला आपला व्यवहार कळतो, भले बोलता किंवा सही करता येत नसेल, त्याचं खातं त्याच्याच हातात राहू द्या. कामाच्या सोयीसाठी सगळ्यांना सरसकट पालक नेमू नये, या मताची मी आहे.

आता बिलाबद्दल. निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. पण 'महिन्याची फी' एवढंच लिहिलेलं बिल टिकत नाही. कोणती थेरपी, किती सत्रं, कुठल्या तारखांना आणि कोणी दिली, हे सगळं त्यावर हवं. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांकही टाका. सत्र संपताक्षणी थेरपिस्टने तारीख-वेळ लिहायची आणि पालकांनी तिथेच सही करायची, एवढी सवय लागली की अर्धं काम झालं. महिनाअखेरीला आठवून भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं. सत्तरी तालुक्यातल्या घरभेटींना रेंज नसते, तिथे आम्ही अजूनही वहीतच लिहितो आणि संध्याकाळी केंद्रात येऊन चढवतो. वही बंद करू नका.

यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या खात्याचाच लावा. संचालिकेच्या स्वतःच्या नंबरावर फी घ्यायची सवय असेल तर ती आजच मोडा, ऑडिटला फार निस्तरावं लागतं.

लॉगिनचं आम्ही स्वतः भोगलंय. एका पोर्टलवर नोंदणी आमच्या एका शिक्षिकेच्या मोबाइलवरून झाली होती. ती लग्न होऊन बेळगावला गेली, नंबर बदलला, ओटीपी कुठे जातोय कोणालाच कळेना. अनुदान चार महिने अडकलं आणि दोन मदतनीस बायांचे पगार उसनवारीवर झाले. संस्थेच्या नावावर एक सिमकार्ड घ्या, ते ऑफिसातच ठेवा. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने तपासून मगच पाठवायचं, अशी वाटणीही करा.

पालकांचा ओटीपी मात्र कधी मागू नका, त्यांनी आपणहून दिला तरी घेऊ नका. आधारच्या प्रती व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणंही थांबवा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. आम्ही ती एका पानावर मराठीत लिहून घेतो, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवतो.

निरामयचं वर्ष 31 मार्चला संपतं. नूतनीकरण राहिलं की नंतरच्या थेरपीचा खर्च आईवडिलांच्या खिशातून जातो. त्यामुळे जानेवारीच्या पालकसभेत प्रत्येकाचं कार्ड हातात घेऊन तारीख बघा, आणि जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांना त्याच आठवड्यात फोन करा.