तज्ज्ञ गावात नसताना अपंगत्व असलेल्या मुलासाठी काय करता येते?

आपण विचारले आहे की, खेड्यापाड्यांतील अपंगत्व असलेल्या मुलांपर्यंत मदत इतक्या उशिरा का पोहोचते आणि तज्ज्ञ डॉक्टर दूर शहरात असताना कुटुंबाने व गावाने नेमके काय करावे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बरेचसे काम अशाच मुलांसोबत झाले आहे. शहराचे अंतर ही मोठी अडचण आहेच. पण मुलाचे अधिक नुकसान होते ते 'एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मग बघू' म्हणत वाट पाहण्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीपेक्षा मुलाला रोज कसे उचलले, बसवले आणि भरवले जाते, त्याच्याशी किती बोलले जाते, यावर त्याची प्रगती जास्त अवलंबून असते.

जगातील सुमारे २४ कोटी मुलांना, म्हणजे दर दहांतील जवळजवळ एकाला, कोणत्या ना कोणत्या प्रकारचे अपंगत्व आहे, असा अंदाज युनिसेफने २०२१ मध्ये मांडला. तरीही गावात विचारले तर 'आमच्याकडे असे मूल नाही' हेच उत्तर पुष्कळदा मिळते. लोक लाजेपायी मुलांना लपवतात, असे यावर सर्रास म्हटले जाते. तसे काही घरांत घडतेही. परंतु मला अधिक वेळा वेगळेच दिसले आहे. मुलाला बाहेर बसवण्याची सोय नसते, वाट खडबडीत असते, कडेवर घेऊन फिरणारे माणूस दिवसभर कामाला गेलेले असते, म्हणून मूल आत पडून राहते.

उशीर होण्याचे आणखी एक कारण म्हणजे कोणता उशीर सर्वसाधारण आणि कोणता तपासून घेण्याजोगा, हे सांगणारे जवळ कोणी नसते. बाळाने चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, नऊ महिन्यांपर्यंत ते आधाराशिवाय बसले नाही, दीड वर्षापर्यंत चालले नाही, किंवा पहिल्या वर्षातच एक हात सतत मुठीत आवळून दुसऱ्यानेच सर्व काही करू लागले, तर थांबू नये. ऐकण्याच्या बाबतीत फसगत फार सहज होते. बहिरे बाळही हसते, सुरुवातीचे काही महिने आवाजही काढते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. वास्तविक पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत मदतीला सुरुवात, असा क्रम जगभर योग्य मानला जातो. श्रवणयंत्र मिळायला वेळ लागणार असेल, तरी घरातल्या सर्वांनी खुणांची भाषा लगेच शिकायला घ्यावी, कारण भाषेवाचून गेलेली ती वर्षे पुढे भरून काढणे फार अवघड असते.

काही दोष मात्र वेळेवर उपचार झाले तर जवळजवळ पूर्ण सुधारतात. जन्मतः आत वळलेले पाऊल हे त्याचे ठळक उदाहरण. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ आणतात. साधारणपणे पाच-सहा प्लास्टर पुरतात आणि बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) एक लहानसा छेद द्यावा लागतो. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातील २३ तास आणि पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपेत घालायचे असतात. गाडी अडते ती नेमकी इथे. पाय सरळ दिसू लागला की बूट सुटतात आणि पाऊल पुन्हा वळते. महिन्यातून एकदा घरी जाऊन बूट नीट बसतात की नाही हे पाहणारी गावातली आरोग्यसेविका हे टाळू शकते.

सेरेब्रल पाल्सीबद्दल, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर व तोल सांभाळण्यावर नीट ताबा न राहण्याच्या अवस्थेबद्दल, थोडे सविस्तर लिहिते, कारण अशी मुले मला सर्वांत जास्त भेटली. बाळंतपणात मेंदूला प्राणवायू न मिळणे, फार लवकर जन्म होणे, नवजात बाळाच्या तीव्र काविळीवर उपचार न होणे, मेंदूज्वर, अशी तिची कारणे असतात. मेंदूला झालेली इजा औषधाने किंवा मालिशने भरून येत नाही. 'महिन्याभरात चालवून दाखवतो' असे सांगणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नये. परंतु इजा बरी होत नाही याचा अर्थ मूल सुधारत नाही असा मुळीच नव्हे, आणि सुधारणेची सुरुवात बहुधा जेवणापासून करावी लागते.

बहुतेक घरांत असे मूल मांडीवर आडवे घेऊन भरवले जाते. त्याचे डोके मागे गेलेले असते, घशाचा मार्ग ताणलेला असतो आणि वरून घातलेला पातळ घास आपोआप आत ओघळतो. मूल खोकते, दचकते, अंग ताठ करते. आई घाईने पुढचा घास घालते, कारण एका जेवणाला तास-दीड तास लागतो आणि बाकीची कामे खोळंबलेली असतात. ते अन्न श्वासनलिकेत जाऊन वारंवार छाती भरते, वजन वाढत नाही, आणि 'याच्या अंगालाच लागत नाही' असा समज होतो. त्याऐवजी मुलाला शक्य तितके उभे बसवावे. कंबर आणि गुडघे काटकोनात वाकलेले, पावलांखाली आधार, खांदे किंचित पुढे आणि हनुवटी थोडी खाली असावी. चमचा समोरून, तोंडाच्या पातळीवर किंवा जरा खालून आणावा, तो जिभेवर हलकेच दाबावा, ओठ मिटण्याची वाट पाहावी आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास द्यावा. अन्न पातळ असण्यापेक्षा दाटसर असलेले बरे. एवढ्या बदलाने खोकला कमी झालेली आणि वजन धरू लागलेली मुले मी पाहिली आहेत. ज्या मुलाला आकडी येते, त्याचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही एकदम बंद करू नये.

नीट बसवण्यासाठी महागडी खुर्चीच लागते असे नाही. जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवून, वर कागदाचे लेप देऊन केलेल्या खुर्च्या अनेक देशांत वापरल्या जातात आणि त्या मुलाच्या मापाने बनवता येतात. याउलट, शिबिरात मोठ्या माणसाची व्हीलचेअर लहान मुलाला दिलेली पाहिली की मला खरोखर वाईट वाटते. मूल तिच्यात एका बाजूला कलते, पाठीचा कणा वाकतो आणि काही महिन्यांत खुर्ची कोपऱ्यात जाते. माप घेणे, बसवून पाहणे आणि वापरायला शिकवणे हा व्हीलचेअर देण्याचाच भाग आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मांडले आहे. शिबिर भरवणाऱ्यांकडे गावाने हा आग्रह जरूर धरावा.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या २६ व्या कलमात, पुनर्वसनाच्या सेवा ग्रामीण भागासह लोकांच्या स्वतःच्या वस्तीच्या शक्य तितक्या जवळ मिळाव्यात, असे म्हटले आहे. हे घडू शकते. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील आहोया या खेड्यात १९८१ मध्ये 'प्रोहिमो' हे केंद्र सुरू झाले. ते स्वतः अपंग असलेले गावकरीच चालवत आणि तेथे कॅलिपर (पायाला बांधायचे आधार), कृत्रिम पाय, व्हीलचेअर बनवले जात. तज्ज्ञांची गरज संपत नाही; पण तज्ज्ञ वर्षातून दोनदा आले आणि मधल्या काळात शिकलेले माणूस गावातच असले, तर त्यांच्या दोन भेटींचेही चीज होते.

शेवटी शाळा. मूल वर्गात बसू शकेल की नाही याची चर्चा पुष्कळ होते; मात्र ते शौचालयात कसे जाईल, याची होत नाही. सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. ज्यांना जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष, म्हणजे स्पायना बिफिडा असतो, त्यांच्यासाठी हे जिवावरचे आहे. त्यांतील बहुतेकांचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही, आणि लघवी साचत राहिली तर मूत्रपिंडे निकामी होतात. दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणे आईला शिकवता येते, आणि बरीच मुले शाळेच्या वयात ते स्वतःच करू लागतात. त्यामुळे प्रवेशासाठी मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा आधी शौचालय पाहून घ्यावे. दाराला आतून कडी, हात धुण्यासाठी पाणी, आत वळण्यापुरती जागा आणि भिंतीला धरण्यासाठी एक दांडा, एवढे आधी मागून घ्यावे आणि मग बाकावर कुठे बसवायचे ते ठरवावे.