विदर्भातल्या खेड्यातून मानवी हालचालींच्या ॲनिमेशनच्या संशोधनात करिअर होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यातले, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, माणसाच्या हालचालींच्या ॲनिमेशनवर संशोधन करायची इच्छा आहे आणि घरचे म्हणतात की हे कार्टूनवाल्यांचं काम. करिअर होतं. माझं घर याच कामावर चालतं. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर.

घरच्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी हे काम कधी पाहिलेलं नाही, एकदा दाखवलंत की समजतं त्यांना. मला राग येतो तो शिकल्यासवरल्या लोकांचा, आणि तुमचा प्रश्न वाचून तो सगळा पुन्हा वर आला.

पीएचडीला मी विषय घेतला होता पोटाशी वजन बांधून, वाकून काम करणाऱ्या माणसाच्या हालचालीचा. म्हणजे सरळ सांगायचं तर कापूस वेचणीचा. या क्षेत्रात जवळजवळ सगळे सुरुवात करतात ती अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोशन कॅप्चर डेटाबेसपासून, म्हणजे कॅमेऱ्यांनी टिपून आकड्यांत साठवलेल्या हालचालींच्या संग्रहापासून. तो फुकट आहे. १२ इन्फ्रारेड कॅमेरे, अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या सूटवर ४१ मार्कर (कॅमेऱ्याला दिसणारे चमकते ठिपके), सेकंदाला १२० फ्रेम. चालणं, धावणं, उड्या, बास्केटबॉल, नाच, सगळं त्यात आहे आणि मी त्या डेटावरच शिकलो. पण कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासातून पुढे सरकणारी बाई मला त्यात सापडली नाही. ओटीत चार-पाच किलो कापूस साठला की पाठीचा बाक बदलतो, पाऊल जवळ पडतं, वळताना आधी कंबर फिरते आणि मग खांदे. मोकळ्या अंगाने वाकलेल्या माणसाचा डेटा घेऊन हे बनवता येत नाही.

ती कॅमेऱ्यांची मांडणी वावरात नेता येत नाही. भर उन्हात इन्फ्रारेड कॅमेरे गोंधळतात, आणि लुगड्यावर लावलेला मार्कर कापडाची हालचाल सांगतो, मांडीची नाही. म्हणून मी पट्ट्याने बांधायचे इनर्शियल सेन्सर घेतले, कॅमेऱ्याशिवाय वेग-वळण मोजणारे. आमची मोठी आई, वडिलांची थोरली वहिनी, तयार झाली. तिच्या तळहाताच्या मागे, मनगटाच्या वर, दंडावर, पाठीवर सेन्सर बांधले. ती म्हणे, "काहून रे, माह्या हाताचं काय करतं तू?" पण चार बोंडं वेचली की ती सेन्सर विसरून जायची. मला तेच हवं होतं.

नोंदी पाहिल्या तेव्हा मनगटाच्या आलेखात दर बोंडामागे एक टोकदार उसळी दिसत होती. फार थोड्या वेळाची, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. मी मोठ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "बोंडाचं टोक बोटाले लागते ना, म्हनून मनगट अस्सं फिरवा लागते. नाई त कापसासंगं पाचोळाबी येते." उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. पाकळ्यांतला कापूस चिमटीत एकत्र धरायचा आणि ओढता ओढता मनगटाला हिसका द्यायचा, म्हणजे बोट वाचतं आणि कापूस स्वच्छ निघतो. पाचोळा मिसळलेल्या कापसाला बाजारात भाव कमी मिळतो हे तुम्हाला माहीतच आहे.

पीएचडीच्या आढावा समितीत एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी तो आलेख पाहिला आणि म्हणाले, हा सगळा सेन्सरचा गोंगाट आहे, आधी फिल्टर लावून गुळगुळीत करा. चालण्याच्या अभ्यासात ६ हर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर (सेकंदाला साधारण सहा वेळांपेक्षा जलद होणारे बदल पुसून टाकणारा) सर्रास लावतात, तोच त्यांनी सुचवला. चालण्याला तो ठीक आहे, कारण चालण्यातली बहुतेक हालचाल त्याच्या खालीच असते. इतका झटपट हिसका मात्र त्या फिल्टरमधून सपाट होऊन बाहेर पडतो. मी हे समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की शेतातल्या बाईच्या हातात संशोधन करण्यासारखं काय आहे, चालण्यावर काम करा, निदान तुलना तरी करता येईल.

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

गावी जाऊन लॅपटॉपवर दोन आकृत्या शेजारी शेजारी लावल्या. नुसत्या काड्यांची माणसं, चेहरा नाही, लुगडं नाही, शेत नाही. एकीत मूळ डेटा, दुसरीत फिल्टर लावलेला. वेचणीला जाणाऱ्या बायकांना काहीही न सांगता एकेकीला दाखवल्या. मोठ्या आईची शेजारीण पहिल्या आकृतीकडे बघून म्हणाली, "हे बाई कापूस वेचून राह्यली." आणि दुसरीकडे बघून, "अन् थे त फुलं तोडून राह्यली." बाकीच्यांनीही बहुतेक तसंच काहीतरी सांगितलं.

समितीत उत्तर आलं की गावातल्या बायकांचं मत म्हणजे पुरावा नव्हे. हे ऐकल्यावर मी गप्प बसलो नाही, आणि तुम्हीही बसू नका. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके असले तरी माणसाची हालचाल बघणाऱ्याला क्षणात ओळखू येते. पॉल राइट्स्मा आणि नॅन्सी पोलार्ड यांनी २००३ मध्ये लोकांना उड्या दाखवून तपासलं, तेव्हा आडव्या वेगातला बिघाड उभ्या वेगातल्या बिघाडापेक्षा सहज ओळखला जातो असं निघालं. म्हणजे बघणाऱ्याची नजर हेच या क्षेत्रातलं मोजमाप आहे. आणि १९९८ मध्ये जेसिका हॉजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की काड्यांच्या आकृतीपेक्षा भरीव शरीराच्या आकृतीत लोकांना हालचालीतले फरक जास्त जाणवतात. आमच्या बायकांनी फरक ओळखला तो काड्यांच्या आकृतीत! वेचणीत आयुष्य गेलेल्या माणसापेक्षा चांगला परीक्षक कुठून आणणार? ते प्रकरण प्रबंधात राहिलं, फिल्टर न लावता.

आता तुमचा प्रश्न. या हॉजिन्सबाईंची वाटचाल बघा, करिअर म्हणजे काय ते कळेल. सुरुवात मार्क रायबर्ट यांच्याकडे उड्या मारणाऱ्या, पायांच्या रोबोंपासून, १९८९ मध्ये कार्नेगी मेलनची पीएचडी, मग जॉर्जिया टेकमध्ये धावणारा, सायकल चालवणारा आणि जिम्नॅस्टिक्सची उडी मारणारा माणूस भौतिकशास्त्राच्या नियमांवर उभा केला (तो पेपर १९९५ चा), मग परत कार्नेगी मेलन. २०१७ मध्ये ग्राफिक्समधला कून्स पुरस्कार मिळाला. रोबो, ॲनिमेशन आणि माणसाची नजर, तिन्ही एकाच कामात. कार्टून म्हणणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

तुमच्या कॉलेजात ग्राफिक्स धड शिकवत नसतील, आमच्याकडेही शिकवत नव्हते. लिनिअर अल्जिब्रा आणि क्वाटर्निअन (सांध्याचं फिरणं चार आकड्यांत मांडायची रीत) स्वतः वहीत सोडवून पक्के करा. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पायथनने बीव्हीएच फाइल (मोशन कॅप्चरची नोंद असलेली) उघडून एका पायाचं घसरणं दुरुस्त करून दाखवा. जमिनीवर टेकलेला पाय घसरताना दिसणं हा या क्षेत्रातला जुना आजार आहे, आणि तो दुरुस्त करताना इन्व्हर्स किनेमॅटिक्स (पाऊल कुठे हवं त्यावरून सांध्यांचे कोन काढणं) जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. मग २०१८ चा डीपमिमिक हा पेपर वाचा, मोशन कॅप्चरची नक्कल करत आभासी माणसाला कोलांटी मारायला शिकवणारा. गेट ही एम.टेक., पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा द्या. पुण्याच्या कंपनीतल्या पॅकेजशी तुलना आताच सुरू केलीत तर हे करू नका, स्पष्ट सांगतो. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, महिन्याला ३७,००० रुपये आहे, आणि घरी कर्ज असेल तर त्यात भागत नाही. भारतात या विषयाचे मार्गदर्शक थोडे आहेत. कॉम्प्युटर व्हिजन (कॉम्प्युटरला चित्र ओळखायला शिकवणं) किंवा रोबोटिक्सच्या गटात शिरून हाच विषय करावा लागेल, मीही तसंच केलं.

विषय मात्र गावातून घ्या. वखर धरणं, डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून चालणं, उकिडवं बसून निंदणं. कुणी म्हणालं की यात संशोधन काय, तर बघणाऱ्याच्या नजरेवरचे ते तीन पेपर (१९७३, १९९८, २००३) त्याच्यापुढे ठेवा.

आणि ज्यांची हालचाल नोंदवाल त्यांना मजुरी द्या. वेचणी किलोवर असते, सेन्सर बांधला की सुरुवातीला हात मंदावतो आणि संध्याकाळी काट्यावर वजन कमी भरतं. घरातली बाई असली तरी द्या. मोठ्या आईने आधी घेतले नाहीत, पण मी प्रकल्पाच्या खर्चात तिच्या नावाची पावती लावली तेव्हा तिने अंगठा न देता सही केली आणि पैसे मोजून घेतले.